वजन ५६ किलो, जिम नवीन: स्नायू वाढवण्यासाठी नेमके काय करावे?

वारणाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय २६ वर्षे, उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ५६ किलो आहे. मूळ गाव सांगली जिल्ह्यात असून नोकरीनिमित्त चाकणला राहतो. कारखान्यात फिरती पाळी असते; एक आठवडा सकाळची, एक दुपारची आणि एक रात्रीची. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून खोलीजवळच्या जिममध्ये जात आहे. स्पर्धेत उतरण्याचा विचार नाही. अंग भरावे, खांदे आणि पाठ रुंद व्हावी आणि कारखान्यातले उचलाउचलीचे काम दमछाक न होता करता यावे, एवढीच इच्छा आहे.

ट्रेनरने मला आठवड्याचे सहा दिवस वाटून दिले आहेत. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी बायसेप्स, शुक्रवारी ट्रायसेप्स आणि शनिवारी पाय. प्रत्येक दिवशी त्या एकाच भागाचे पाच-सहा व्यायाम आणि प्रत्येकाचे चार-चार सेट (फेऱ्या) असतात. दुसऱ्या दिवशी तो भाग इतका दुखतो की कामावर हात वर करणेही जड जाते, पण वजनकाट्यावर काहीच फरक पडत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन-तीन दिवस हमखास चुकतात आणि त्यात पायांचा दिवस नेहमीच जातो. स्क्वॉट (वजन घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभे राहणे) मला अजून कोणी शिकवलेले नाही आणि डेडलिफ्टची मला भीतीही वाटते.

जेवण मेसच्या डब्याचे आहे. दोन्ही वेळेस तीन पोळ्या, भाजी, वरण आणि थोडा भात असतो. मांसाहार करत नाही, मात्र अंडी चालतात. ट्रेनरचे म्हणणे आहे की प्रोटीन पावडरशिवाय काहीही होणार नाही. तो जो डबा घ्यायला सांगतो, त्याची किंमत माझ्या पगाराच्या मानाने फार आहे. सहा दिवसांची ही विभागणी माझ्यासाठी योग्य आहे का, वजन किती आणि केव्हा वाढवावे आणि पावडर खरोखरच अपरिहार्य आहे का, याबद्दल अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

लोहसाधक यांचे उत्तर

नमस्कार. आपण कोणत्या वारी कोणता भाग करता हे सविस्तर लिहिले आहे, परंतु कोणत्या व्यायामाला किती किलो लावता आणि सुरुवातीपासून ते किती वाढले, याचा एकही आकडा आपल्या प्रश्नात नाही. माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. स्नायूला आधी पेलला त्याहून थोडा अधिक भार नियमितपणे पेलावा लागला तरच तो वाढतो, आणि भार वाढतो आहे की नाही हे नोंद ठेवल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या महायुद्धातील जखमी अमेरिकी सैनिकांवर उपचार करताना डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी त्यांना हलके व्यायाम देत राहण्याऐवजी वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि १९४५ साली ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आज जगभर वेट ट्रेनिंगचा जो पाया मानला जातो, तो हाच आहे. एका दिवशी किती व्यायाम केले किंवा दुसऱ्या दिवशी किती दुखले, यापेक्षा दोन महिन्यांपूर्वी ज्या वजनाचे ८ रेप्स (एका सेटमधल्या सलग आवृत्त्या) निघत होते त्याचे आज १२ निघतात का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आता सहा दिवसांच्या विभागणीविषयी. भार घेतल्यानंतर स्नायूमध्ये नवीन प्रथिने बांधली जाण्याचा वेग वाढतो आणि तो साधारण एक ते दोन दिवस वाढलेला राहतो. आपण सोमवारी छातीचे वीस-बावीस सेट करता आणि मग पुढच्या सोमवारपर्यंत छातीला मुख्य काम देत नाही, म्हणजे आठवड्यातला बराचसा काळ तिथे नवे काही घडत नाही. शिवाय एकाच दिवशी इतके सेट केल्यावर शेवटचे दहा सेट थकलेल्या अंगाने, हलक्या वजनाने आणि बिघडलेल्या ढबीत होतात. त्यांतून दुखणे वाढते, स्नायू नाही. अनेक वर्षे सराव असलेल्या माणसाला अशी विभागणी चालू शकते. नवशिक्यासाठी मात्र प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा थोडे-थोडे, पण चांगले काम देणे निश्चितपणे अधिक उपयोगी ठरते, आणि तेवढ्यासाठी आठवड्याचे तीन दिवस पुरतात. फिरत्या पाळीतही ते सांभाळता येतील, हा त्याचा दुसरा फायदा.

मी आपल्याला दोन पाठ (एका दिवसाच्या व्यायामांची यादी म्हणजे एक पाठ) सुचवतो, ते आलटून पालटून करावेत. पहिल्या पाठात स्क्वॉट, बाकावर उताणे झोपून बार वर ढकलण्याचा बेंच प्रेस आणि बसून किंवा वाकून ओढण्याचा रोइंगचा व्यायाम ठेवावा. दुसऱ्या पाठात रोमानियन डेडलिफ्ट (उभ्याने बार धरून, पाठ सरळ ठेवत, नितंब मागे नेऊन वाकणे), उभ्याने डोक्यावर बार ढकलण्याचा शोल्डर प्रेस आणि वरचा दांडा छातीकडे खाली ओढण्याचे लॅट पुलडाउन घ्यावे. प्रत्येकाचे तीन सेट करावेत. वेळ उरला तर शेवटी बायसेप्स, ट्रायसेप्स आणि पोटरीचे दोन-दोन सेट करण्यास हरकत नाही. पण ओढण्याच्या प्रत्येक व्यायामात बायसेप्स आणि ढकलण्याच्या प्रत्येक व्यायामात ट्रायसेप्स काम करतातच, त्यामुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवस राखण्याची आपल्याला आज गरज नाही. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे वार सोयीचे असतात, तथापि वाराला महत्त्व नाही. दोन पाठांमध्ये निदान एक दिवस मोकळा असला म्हणजे झाले.

वजन ठरवण्याची रीत अशी आहे. ज्या वजनाचे ८ रेप्स व्यवस्थित निघतात आणि आणखी दोन निघाले असते असे वाटते, त्या वजनापासून सुरुवात करावी. पुढच्या खेपेला तेच वजन ठेवून रेप्स वाढवावेत. तिन्ही सेटमध्ये १२-१२ रेप्स पूर्ण झाले की अडीच किलो वाढवावे. रेप्स पुन्हा ८ किंवा ९ वर येतील आणि तिथून परत चढत जातील. बेंच प्रेसला आज ३० किलोचे ८, ८, ७ निघत असतील तर वहीत तेवढेच लिहावे आणि पुढच्या वेळी त्यात एका रेपची भर घालण्याचा प्रयत्न करावा. सेट संपवण्याची योग्य वेळ बारच्या वेगावरून कळते: सर्व जोर लावूनही बार संथ वर जाऊ लागला, म्हणजे एक-दोन रेप्स शिल्लक आहेत आणि तिथे थांबावे. प्रत्येक सेट अगदी बार खाली पडेपर्यंत ओढण्याची आवश्यकता नाही, आणि स्क्वॉट व डेडलिफ्टमध्ये तर तसे मुळीच करू नये. दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. अर्ध्या मिनिटात पुढचा सेट सुरू केला तर धाप लागते, घाम येतो आणि खूप काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वजन कमी उचलले जाते.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढेल आणि आरशात मात्र फारसे काही दिसणार नाही. या टप्प्यावर पुष्कळ मुले निराश होऊन जिम सोडतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीची ताकद मुख्यतः मेंदू आणि नसा त्या हालचालीला सरावल्यामुळे वाढते. स्नायूचा आकार त्यामागून, दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना जाणवेल असा वाढू लागतो.

डेडलिफ्टची भीती रास्त आहे, कारण चुकीच्या पद्धतीने केलेल्या डेडलिफ्टमुळे कंबर दुखावलेली माणसे प्रत्येक जिममध्ये असतात. पण ती हालचाल बारशिवाय शिकता येते. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे, गुडघे किंचित सैल ठेवावेत आणि पाठ सरळ ठेवून फक्त नितंब मागे नेत भिंतीला टेकवावेत. टेकले की अर्धे पाऊल पुढे सरकून पुन्हा करावे. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला आणि पाठीला वाकावे लागले नाही, तर हालचाल बरोबर आहे. हे सहज जमू लागल्यावर हातात हलके डंबेल्स घ्यावेत, मग बार घ्यावा. स्क्वॉटसाठी छातीशी एकच डंबेल उभे धरून बैठक मारण्याने सुरुवात करावी. गावाकडे उकिडवे बसण्याची सवय असलेल्या माणसाचे घोटे आणि खुबे बहुधा मोकळे असतात, त्यामुळे खोल बसणे आपल्याला अवघड जाऊ नये. पळण्याचे मऊ तळव्याचे बूट मात्र घालू नयेत. त्यांत टाच दबते आणि तोल डळमळतो. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट चांगले.

अन्नपूर्णा_नाशिक यांचे उत्तर

मी आहारशास्त्र शिकवते, त्यामुळे जेवणापुरतेच लिहिते. वर लोहसाधक यांनी व्यायामाची जी वही सुचवली आहे, तिच्या मागच्या पानावर आठवडाभर खाण्याची नोंदही ठेवावी, असा माझा आग्रह आहे. मेसच्या डब्यावर राहणाऱ्या मुलांना आपण पोटभर खातो असे मनापासून वाटत असते, पण मोजायला बसल्यावर प्रथिने निम्मीच भरतात.

आपला डबा अंदाजाने मोजू. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि तीतून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दिवसाच्या सहा पोळ्यांचे १८ ते २० ग्रॅम. मेसचे वरण पातळ असते. दोन वाट्यांतून फार तर ८ ते १० ग्रॅम. भात आणि भाजी मिळून आणखी ८-१० ग्रॅम. एकूण बेरीज ४० ग्रॅमच्या आसपास येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात; आपल्यासाठी तो आकडा ४६ ग्रॅम होतो. म्हणजे व्यायाम न करणाऱ्या माणसाची गरजसुद्धा या डब्यातून पूर्णपणे भागत नाही. वजने उचलणाऱ्याची गरज याहून जास्त असते. २०१८ साली ४९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढवल्याचा फायदा दिसला आणि त्यापुढे सरासरीने विशेष फायदा दिसला नाही. आपल्या वजनाला हे ९० ग्रॅम होतात.

डब्यातल्या ४० ग्रॅमवर ५० ग्रॅमची भर घालायची आहे, आणि ती पावडरशिवाय घालता येते. चार अंड्यांतून सुमारे २४ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम आणि सोयाबीनच्या ३० ग्रॅम कोरड्या वड्यांतून सुमारे १५ ग्रॅम मिळतात. सोयाच्या वड्यांत वजनाच्या निम्म्याहून थोडी अधिक प्रथिने असतात आणि एवढ्या स्वस्तात एवढी प्रथिने देणारा दुसरा पदार्थ किराणा दुकानात क्वचितच सापडेल. खोलीत शेगडी नसली तरी उकळत्या पाण्यात वड्या भिजवून, घट्ट पिळून, मेसच्या भाजीत किंवा वरणात मिसळता येतात. पिळणे टाळू नये, नाहीतर त्यांचा उग्र वास राहतो. अंड्यांसाठी अंडी उकडण्याचे विजेवरचे छोटे भांडे मिळते. पाळीवर नेण्यासाठी फुटाणे आणि शेंगदाणे यांसारखे दुसरे सोयीचे खाणे नाही: मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि सुमारे १७० कॅलरी मिळतात.

कॅलरीचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा मांडते, कारण ५६ किलोच्या माणसाच्या बाबतीत तो प्रथिनांइतकाच निर्णायक आहे. शरीराला रोजच्या खर्चापेक्षा काही जास्त मिळाले नाही तर नवा स्नायू बांधण्याचे काम रडतखडत चालते, आणि आपण तर कारखान्यात दिवसभर उभे राहून काम करता. सध्याच्या खाण्यावर रोज ३०० ते ५०० कॅलरी वाढवाव्यात. वरची अंडी, दूध आणि शेंगदाणे धरले तर त्यातच एवढी वाढ सहज होते. भूक असेल तर दोन केळी आणि पोळीला चमचाभर तूप जोडावे. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी अनशेपोटी वजन करावे आणि महिन्याच्या शेवटी तुलना करावी. महिन्याला अर्धा ते एक किलो वाढ होत असेल तर खाणे योग्य आहे. वजन हललेच नाही तर आणखी एक केळे आणि ग्लासभर दूध वाढवावे. महिन्याला दोन-तीन किलो वाढू लागले तर त्यातला मोठा भाग चरबीचा आहे असे समजावे.

पावडरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. व्हे प्रोटीन म्हणजे दुधातून काढलेली प्रथिनेच आहेत. एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे चार अंड्यांइतकी. सोय म्हणून ती चांगली आहे, पण तिच्यात अंडी आणि दूध यांपेक्षा वेगळी अशी कोणतीही शक्ती नाही, आणि पगाराचा मोठा वाटा तिच्यावर घालवून जेवणात काटकसर करणे हे नुकसानीचे ठरेल. पुढे कधी घ्यावीशी वाटलीच तर डब्यावरील परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि आयातदाराचे नाव तपासून, बिल घेऊन, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी. ज्याच्यावर थोडा खर्च करणे मला पटते, असा एक पदार्थ क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंत साठून जोराच्या कामाला मदत करणारी पावडर) आहे. दररोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी पाण्यातून घेतले तरी चालते. त्याच्यावर अनेक दशके संशोधन झाले आहे, आणि ते मुख्यतः मांस व मासे यांतून मिळत असल्यामुळे मांसाहार न करणाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो. तरीही तीन महिने नियमित व्यायाम आणि पुरेसे जेवण जमल्यानंतरच त्याचा विचार करावा. मूत्रपिंडाचा कोणताही विकार असेल तर क्रिएटिन आणि जादा प्रथिने ही दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. क्रिएटिन घेत असताना रक्ततपासणी झाली तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यामुळे अहवालात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम तपासताना मोजला जाणारा घटक) थोडे वाढलेले दिसू शकते.

जाता जाता एक सूचना. आपला दिवस छताखाली आणि काही रात्री पाळीत जातात, त्यामुळे थकवा सतत राहत असेल तर ड जीवनसत्त्व आणि ब-१२ यांची पातळी एकदा तपासून घ्यावी.

तालीमकर_कोल्हापूर यांचे उत्तर

वारणाकाठ, आपण ५६ किलो वजन काहीशा संकोचाने लिहिल्यासारखे वाटले, म्हणून आधी हे सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो वजनगटात. आपल्याच वजनाचा, आपल्याच मुलखातला माणूस होता. अंग हलके म्हणजे दुबळे, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

मी तालमीत वाढलो आहे आणि लोहसाधकांचे म्हणणे मला मान्य आहे, तरी दंड-बैठकांविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण गावाकडचे वडीलधारे आपल्याला जिम सोडून पाचशे बैठका मारण्याचा सल्ला देतीलच. पाचशे बैठकांनी दम आणि चिकाटी वाढते, गुडघे-मांड्या कणखर होतात, आणि कुस्तीला त्याची गरज असते. पण बैठकीत भार स्वतःच्या वजनाएवढाच राहतो. शंभरावरून पाचशेवर गेले तरी एका बैठकीला लागणारे बळ तेवढेच असते, त्यामुळे मांडीचा आकार एका मर्यादेपलीकडे त्यातून वाढत नाही. तालमीत ही उणीव जोडीदार भरून काढतो: त्याला खांद्यावर घेऊन बैठका मारल्या जातात, वजनदार गदा आणि मुद्गल फिरवले जातात, आणि सर्वांत मोठा भार म्हणजे समोर लढणारा मल्ल. भार वाढवत नेण्याचा नियम तिथेही आहेच, फक्त तो किलोंमध्ये लिहिला जात नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात जिमला जाणे जमले नाही तर खोलीतच काम भागवावे. पुश-अपच्या स्थितीत शरीराच्या वजनाचा साधारण ६० ते ६५ टक्के भार हातांवर येतो, म्हणजे आपल्यासाठी ३५ किलोंच्या आसपास. त्याचे २० सहज निघू लागले की पाय खुर्चीवर ठेवावेत, किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून ती घट्ट बांधावी. पायांसाठी मागचा पाय खाटेवर टेकवून एका पायावर बैठका माराव्यात. दहा-बाराच्या पुढे सहसा जात नाहीत, एवढा भार त्यात येतो. ओढण्याचा व्यायाम खोलीत अवघड असतो, तो जिमसाठी राखून ठेवावा.

खुराकाबद्दल एवढेच म्हणेन की, पैलवानाची थंडाई, वाटीभर तूप आणि लिटरच्या लिटर दूध पाहून तसे खाऊ नये. तो पहाटे आणि संध्याकाळी तासन्‌तास मातीत घाम गाळतो. आपला व्यायाम आठवड्यातून तीनदा तासभर आहे. अन्नपूर्णाताईंनी सांगितलेले प्रमाण आपल्यासाठी योग्य आहे.

एका बाबतीत मात्र मी कळकळीने सांगतो. थोड्याच दिवसांत कोणीतरी, बहुधा ओळखीचाच माणूस, आपल्याला एखाद्या ‘कोर्स’बद्दल विचारेल. त्या गोळ्या आणि इंजेक्शने म्हणजे स्टेरॉइड्स असतात. बाहेरून हार्मोन मिळू लागले की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते, वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, छातीत गाठी येऊ शकतात, हितकारक कोलेस्टेरॉल उतरते आणि हृदयावर परिणाम होतो. काही जणांचे शरीर औषधे थांबवल्यावरही लवकर पूर्वपदावर येत नाही. सव्विसाव्या वर्षी, वजने उचलायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला निसर्गतः जितकी वाढ मिळते तितकी पुन्हा आयुष्यात कधी मिळत नाही. ती वाया घालवू नका.

मृदगंध यांचे उत्तर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखण्यासंबंधी थोडे लिहिते, कारण प्रश्नात त्याचा उल्लेख आहे आणि आपले काम उचलाउचलीचे आहे.

नव्या व्यायामानंतरचे दुखणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते, स्नायूच्या मधल्या भागात पसरलेले असते, सहसा दोन्ही बाजूंना सारखे असते आणि हालचाल सुरू केली की कमी होत जाते. त्याची चिंता करू नये. पण ते वाढीचे मोजमाप आहे असेही समजू नये. तोच व्यायाम नियमित होऊ लागला की दुखणे जवळजवळ थांबते, आणि वाढ चालूच राहते. याउलट सांध्यात टोचणारे, एकाच बाजूचे, विशिष्ट कोनात नेमके उमटणारे किंवा कमरेतून पायात मुंग्यांसह उतरणारे दुखणे असेल तर तो व्यायाम त्याच दिवशी थांबवून तपासणी करून घ्यावी. फार मोठ्या खंडानंतर किंवा एकदम खूप जास्त सेट केल्यानंतर स्नायू प्रचंड सुजले, हात-पाय सरळ होईनात आणि लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, तर घरी वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जावे. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचे ते लक्षण असू शकते.

ज्या दिवशी कारखान्यात जड उचलण्याचे काम झाले असेल, त्या दिवशी डेडलिफ्ट असलेला पाठ सोडून पहिला पाठ घ्यावा. कंबरेसाठी कारखान्यातले वजन आणि जिममधले वजन वेगळे नसते.

वारणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वही आजच आणली आहे. लोहसाधक सरांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना लावल्यावर एकदम पाच किलो वाढतात; शोल्डर प्रेसमध्ये एवढी वाढ मला पेलत नाही. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात जिमला केव्हा जावे, पाळी सुटल्यावर सकाळी की झोप झाल्यानंतर?

लोहसाधक

शोल्डर प्रेस हा सर्वांत संथ वाढणारा व्यायाम आहे, त्यामुळे ही अडचण सर्वांनाच येते. सव्वा किलोच्या दोन प्लेट्स व्यायामसाहित्याच्या दुकानात मिळतात. त्या स्वतःच्या घेऊन बॅगेत ठेवाव्यात. घेण्यापूर्वी बारची जाडी पाहावी, कारण प्लेटचे भोक दोन वेगवेगळ्या मापांत येते. त्या मिळेपर्यंत १२ ऐवजी १५ रेप्सपर्यंत जावे आणि मगच पाच किलो वाढवावे. आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी: ऑलिंपिक बार २० किलोचा असतो, पण लहान जिममध्ये बरेचदा बारीक दांड्याचे, त्याच्या निम्म्याहूनही हलके बार असतात. एकदा बार हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, स्वतःचे वजन वजा करावे आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे जिम बदलली तरी जुन्या नोंदींशी तुलना करता येईल.

रात्रपाळी सुटल्यावर थेट जिमला जाऊ नये. जागरणाने लक्ष आणि तोल दोन्ही कमी झालेले असतात आणि त्यानंतर केलेल्या व्यायामामुळे सकाळची झोपही पुढे ढकलली जाते. खोलीवर जाऊन, खिडकीला जाड पडदा लावून सात तास झोपावे, दुपारी उठून जेवावे आणि दोन तासांनी जिमला जावे. त्या आठवड्यात तीन पाठ जमले नाहीत तर दोनच करावेत आणि प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करावा, मात्र वजन आधीच्या आठवड्याचेच ठेवावे. दोन पाठांतही मिळवलेले बळ टिकते. पुढच्या आठवड्यात सकाळची पाळी आली की वहीतल्या शेवटच्या आकड्यापासून पुढे चालू करावे.